भीतीचा इलाज करणारा वकील

नागपूरहून चंद्रपूरला जायला निघालात की बुटीबोरीनंतर जाम चौक लागतो. तिथून एक रस्ता हिंगणघाटला जातो, दुसरा वरोऱ्याला. आज ज्यांच्याबद्दल वाचणार आहात, त्यांचा जन्म एका रस्त्यावरच्या गावात झाला आणि शेवट दुसऱ्या रस्त्यावरच्या गावाजवळ. हिंगणघाट ते आनंदवन. गाडीनं गेलं तर दोन तासही लागत नाहीत. बाबा आमट्यांना मात्र हे अंतर कापायला अख्खं आयुष्य लागलं.

बाबा गेले 9 फेब्रुवारी 2008 रोजी. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा रांगत असतील किंवा जन्मलेलेही नसतील. त्यामुळे आपल्या पिढीसाठी बाबा म्हणजे पुस्तकातला एक धडा, पांढऱ्या बंडीतला एक फोटो आणि शाळेची आनंदवनची सहल. थोर माणूस होता, एवढं आपल्याला पाठ असतं. पण हा माणूस डॉक्टर नव्हता, वकील होता. मग कुष्ठरोगाच्या कामात एका वकिलानं नेमकं काय केलं? हे कळलं, तर आज आपल्या विदर्भात, विशेषतः आदिवासी भागात, काही आजार अजून का ठाण मांडून बसलेत तेही कळेल.

शिकारी, शौकीन मुरलीधर

मुरलीधर देविदास आमटे. जन्म 26 डिसेंबर 1914. घराणं जमीनदारीचं, पैशाला तोटा नाही. घरात लाडानं 'बाबा' म्हणायचे, तेच नाव पुढे जगभर गेलं. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक आणि जंगलात शिकार. गाडी चालवायचं वय झालं तेव्हा सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार, तिच्या गाद्यांना बिबट्याच्या कातडीची खोळ. इंग्रजी सिनेमाचं वेड इतकं, की एका इंग्रजी मासिकात सिनेमांची परीक्षणं लिहायचा आणि हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर पोराची लाइफ एकदम सेट होती.

शिक्षण आपल्या नागपुरात झालं. आधी मिशनच्या शाळेत, मग नागपूर विद्यापीठातून वकिलीची पदवी. वकिली सुरू झाली, चांगली चाललीही. पण जवळच वर्धा होतं, सेवाग्राम होतं. गांधीजी आणि विनोबा यांच्या सहवासात या शौकीन पोराच्या डोक्यात काहीतरी हलू लागलं. 1942 च्या आंदोलनात त्यानं पकडलेल्या पुढाऱ्यांसाठी वकील गोळा केले आणि स्वतःही तुरुंगात गेला. रेल्वेत एका बाईची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी एकटा भिडला, मार खाल्ला, पण मागे हटला नाही. गांधीजींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी त्याला 'अभय साधक' म्हटलं. म्हणजे ज्याला भीती नाही असा.

ही पदवी लक्षात ठेवा, तिचा हिशोब पुढे चुकता व्हायचा आहे.

डिसेंबर 1946 मध्ये त्यांचं लग्न झालं, नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदूशी. याच पुढच्या साधनाताई. लग्नाच्या गडबडीच्या घरात ही मुलगी कुणाचं लक्ष नसताना म्हाताऱ्या मोलकरणीला कामात हात देताना बाबांना दिसली आणि त्यांनी ठरवलं, हीच. सोवळ्याओवळ्याच्या घरातली ती मुलगी पुढे कुष्ठरुग्णांच्या वस्तीत संसार मांडणार होती.

तुळशीरामनं विचारलेला प्रश्न

वरोऱ्यात बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांची संघटना बांधत होते. त्या लोकांचं काम स्वतः केल्याशिवाय त्यांच्या बाजूनं बोलायचा हक्क नाही, असं मनाशी धरून त्यांनी काही महिने डोक्यावरून मैला वाहिला. कातडीच्या गाद्यांवर बसणारा माणूस हे करत होता.

त्याच दिवसांतली गोष्ट. पावसात, गटाराच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे. नाव तुळशीराम. कुष्ठरोग शेवटच्या टप्प्यात गेलेला. आणि आमचा अभय साधक काय करतो? पळतो. चक्क घराकडे पळत सुटतो.

पण घरी जाऊन स्वस्थ बसवेना. गोऱ्या सैनिकांना न घाबरणारा माणूस एका मरणाऱ्या दुबळ्या माणसाला घाबरला होता. हाच आजार आपल्याला किंवा साधनेला झाला असता तर? बाबा परत गेले. तुळशीरामवर आडोसा घातला, त्याला खाऊ घातलं, जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही. पण त्यानं न बोलता विचारलेला प्रश्न वाचला, आणि बाबांनी पुढची साठेक वर्षं त्याचं उत्तर शोधण्यात घालवली.

इथे थोडं विज्ञान पाहू या. कुष्ठरोग हा शाप नाही, पाप नाही. तो जंतूमुळे होतो आणि तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सननं 1873 मध्येच शोधला होता. हा जंतू वाढतो अतिशय हळू. लक्षणं दिसायला अनेक वर्षं लागू शकतात. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. आणि बोटं काही आपोआप गळून पडत नाहीत. जंतू नसांवर हल्ला करतो, संवेदना जाते. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते, हाड झिजतं. दुखत नाही, हेच या आजारातलं मोठं दुखणं.

बाबांनी हे सगळं शिकायचं ठरवलं. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. तिथे एक मोठी अडचण होती. कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या बशीत वाढतच नव्हता, त्यामुळे लस किंवा नवी औषधं तपासणं अवघड होतं. बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. जंतू टोचून घेतले. दोन लहान मुलांचा बाप हे करत होता! प्रयोग फसला, जंतू त्यांच्या शरीरात रुजलाच नाही. लस काही निघाली नाही. बाबा वरोऱ्याला परतले, हातात होतं ते औषध घेऊन.

भाजी कोण घेणार?

1951. वरोऱ्याजवळची सरकारनं दिलेली पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन. बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन पोरं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. नाव ठेवलं आनंदवन. उद्घाटन विनोबांनी केलं. विंचू, साप आणि रात्रीचे बिबटे होतेच. पहिलं काम म्हणजे विहीर खोदणं. ज्यांच्या हातांना बोटं नीट नव्हती त्यांनी खडक फोडला आणि पाणी काढलं.

तोवर कुष्ठरुग्णांसाठी काम करणारं कुणी नव्हतं असं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 पासून कुष्ठधाम चालवलं होतं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची सेवा गांधीजी स्वतःच्या हातांनी करत होते. बाबांनी या वाटेवर पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी रुग्णांना भिक्षा बंद केली आणि काम सुरू केलं. शेती, सुतारकाम, विणकाम, बांधकाम. खरं सांगायचं तर हा आळशी माणसाला शिस्त लावण्याचा प्रकार नव्हता. ज्याला घरानं, गावानं आणि देवळानंही हाकललं, त्याला आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत हे कळणं, हा औषधाइतकाच गरजेचा डोस होता.

पिकं आली, भाजी आली. आता अडचण पाहा. ती भाजी विकत घ्यायला वरोऱ्यात कुणी तयार नव्हतं. जंतू भाजीवर बसून आपल्या ताटात येईल, ही भीती. आजार औषधानं बरा होऊ शकतो. या भीतीचं काय करायचं? 1950 च्या दशकात वेगवेगळ्या देशांतून तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. त्यांनी रुग्णांसोबत विटा वाहिल्या, दवाखान्याची इमारत उभी केली, त्यांच्यासोबत जेवले. एवढ्या लांबून आलेली पोरं इथे राहतात, खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू भाजी विकली जाऊ लागली.

1964 मध्ये तर बाबांनी कमालच केली. आनंदवनात कॉलेज काढलं. आसपासच्या खेड्यांतली, धडधाकट पोरं शिकण्यासाठी कुष्ठरुग्णांनी बांधलेल्या इमारतीत येऊ लागली. वकिलानं युक्तिवाद न करता केस जिंकली होती. समाजानं रुग्णांना आत घ्यावं म्हणून विनवणी करत बसण्यापेक्षा त्यांनी समाजालाच रुग्णांच्या दारात आणलं.

पुढे सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिन्याच्या उन्हात राज्यभरातली पोरं-पोरी तिथे घाम गाळायला जमू लागली. तुमच्या घरात काका-मावशी पन्नाशी-साठीच्या असतील तर विचारून पाहा, कुणीतरी सोमनाथला गेलेलं निघेलच.

भामरागडची वाट

आता नकाशावर आणखी खाली, आग्नेयेला या. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या जिथे भेटतात तिथे भामरागड. आज हा भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हाच 1982 मध्ये झाला. तेव्हा सगळं चंद्रपूर होतं. घनदाट जंगल आणि त्यात माडिया गोंडांची वस्ती. बाबा तरुणपणापासून जंगलात फिरलेले. या लोकांचं जगणं आणि मरणं त्यांनी पाहिलं होतं. मलेरिया, क्षय, खरूज, सापाचं विष, अस्वलाचा हल्ला, बाळंतपण. यातलं कशानंही माणूस मरायचा, आणि ती मरणं कुठल्या वहीत नोंदलीही जात नव्हती.

बाबांचा धाकटा मुलगा प्रकाश तेव्हा नागपूरच्या मेडिकलला शिकत होता. बाबा मुलांना घेऊन भामरागडला गेले आणि इथे काम उभं करायचंय, असं मन उघडं केलं. प्रकाशनं मी येतो म्हटलं. सर्जरीचं शिक्षण अर्धवट सोडलं. त्याची बायको मंदाकिनी भूलतज्ज्ञ. तीही निघाली. 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला.

आणि पेशंट आलेच नाहीत. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, फुकट आहेत, तरी लोक येईनात. का येतील? कपडे घातलेली, वेगळी भाषा बोलणारी माणसं म्हणजे आजवर त्यांना लुबाडणारी माणसं. व्यापारी आले ते मीठ देऊन मोलाचं वनधन नेणारे, साहेब आले ते दम देणारे. शिवाय आजार देवाच्या कोपानं होतो, तो पुजारी काढतो, अशी समजूत. वरोऱ्यात गाव रुग्णांना भीत होतं. इथे रुग्ण डॉक्टरांना भीत होते. भीती तीच, फक्त दिशा उलटी.

प्रकाश आणि मंदाताई माडिया भाषा शिकले. प्रकाशनं अंगावरचे कपडेही बंडी आणि अर्ध्या चड्डीपर्यंत आणले, उघड्या अंगाच्या लोकांना परकं वाटू नये म्हणून. आधी आले ते पुजाऱ्यानं हात टेकलेले, मरणाच्या दारातले पेशंट. त्यातले काही चालत घरी गेले आणि बातमी जंगलात पसरली. मग इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधून लोक दिवस-दिवस चालत येऊ लागले. वीज नसताना, कंदिलाच्या उजेडात टाके घातले जात होते. 1976 मध्ये शाळा सुरू झाली, कारण ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याला बाजारही लुटतो आणि औषधाच्या बाटलीवरचंही कळत नाही.

एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. स्वप्न बाबांचं होतं, पण हेमलकशाचे रोजचे कष्ट प्रकाश-मंदाताईंनी उपसले. आनंदवनाचं स्वयंपाकघर आणि माणसं साधनाताईंनी सांभाळली. बाबांचा निर्णय घरातल्या प्रत्येकाला जगावा लागला. थोर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हे विसरतो. बाबांसारखं काम एकट्यानं होत नसतं.

बाबांच्या पाठीचा कणा तर तरुण वयातच दगा देऊ लागला होता. पुढे त्यांना बसताच येईना. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. तशाच अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. सायकलवर तरुण पोरं-पोरी आणि बसमध्ये आडवे पडलेले बाबा. 1990 मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, धरणात बुडणाऱ्या आदिवासींच्या बाजूनं. मॅगसेसे, टेम्पल्टन, पद्मविभूषण असे सन्मान आले. धरण थांबलं नाही. बाबा अखेर आनंदवनात परतले आणि तिथेच गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी न देता आनंदवनाच्या मातीत पुरलं.

आज आपल्या दारात

मग गोष्ट संपली का? नाही ना.

जागतिक आरोग्य संघटनेनं काही आजारांची एक यादी केली आहे. नाव आहे दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार. कुष्ठरोग त्यात आहे, हत्तीपाय आहे, खरूज आहे, 2017 पासून सर्पदंशही आहे. म्हणजे हेमलकशाच्या ओपीडीतले काही पेशंट या यादीतच बसतात. दुर्लक्षित का? कारण हे आजार ज्यांना होतात त्यांच्याकडे महागडी औषधं घ्यायला पैसे नाहीत, बातमी व्हायला आवाज नाही आणि दवाखान्यात पोहोचायला रस्ता नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो.

कुष्ठरोगावर 1981 नंतर एकत्रित औषधांचा उपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाला की थोड्याच काळात रुग्णापासून लागण होणं थांबतं. त्याला घराबाहेर काढायची काहीच गरज नाही. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठल्याचं भारतानं जाहीर केलं. पण लोकांनी त्याचा अर्थ कुष्ठरोग संपला असा घेतला. तो संपलेला नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात, आणि गडचिरोली-चंद्रपूरचा पट्टा त्यात आहे.

आणि कायदा? बाबा ज्या कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले, तो या बाबतीत फार उशिरा बदलला. कुष्ठरुग्णांना वेगळं डांबायची मुभा देणारा 1898 चा कायदा रद्द झाला 2016 मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येणं बंद झालं 2019 मध्ये. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

हे सगळं लांबचं, जंगलातलं वाटत असेल तर हत्तीपायाचं पाहा. डासांमुळे पसरणारा हा आजार खुद्द नागपूर जिल्ह्यात आहे. जानेवारी 2019 मध्ये तीन औषधांचा एकत्र डोस देण्याची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली, ती आपल्याच जिल्ह्यातून. आशाताई घरी येतात, समोर गोळ्या घ्यायला सांगतात. आणि आपण? मला काय झालंय, नंतर घेईन म्हणून गोळी खिशात घालतो आणि मग कचऱ्यात टाकतो. आजार अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, पाय सुजल्यावर मात्र तो पूर्ण उतरत नाही. इथे गरिबी आडवी येत नाही, रस्ताही नाही. आडवी येते ती आपली बेफिकिरी.

30 जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन असतो आणि जगभर दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांचा दिवसही. त्या दिवशी स्टेटस ठेवायला हरकत नाही. पण त्याआधी तीन गोष्टी करता येतील. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. घरी आलेली हत्तीपायाची गोळी आशाताईंच्या समोर घ्या आणि घरच्यांनाही घ्यायला लावा. लहान पोरं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसांना ती देत नाहीत, हे त्या सांगतीलच. आणि तुमच्या वर्गात, होस्टेलवर, गावात कुणाला कुष्ठरोग झाल्याचं कळलं, तर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. तिथे पाय मागे सरतील, कारण भीती अशी सांगून जात नाही. सरले तर सरू द्या. तुळशीरामला पाहून बाबाही पळालेच होते. फक्त ते परत गेले.